सांधेवाला

दिवा स्टेशन पुष्कळांना ठाऊक आहे. ठाणे आणि डोंबिवली यांच्या मध्ये ते लागते. मुंबई-कल्याणच्या मोठ्या मार्गाला इथे दोन फाटे मिळतात. एक वसईचा, दुसरा पनवेलचा. रूळ आहेत, गाडी आहे, गाडी हाकणाराही आहे. पण सांधा वेळेवर बदलला नाही तर? गाडी भलत्याच वाटेला लागेल. पूर्वी सांधा बदलायला एक माणूस उभा असे. त्याला सांधेवाला म्हणत.

दवाखान्यांचेही तसेच आहे. सपाट मुलखात साधारण ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र असावे, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि १ लाख २० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय असावे, असा सरकारी नियम आहे. दिव्यासारखी गावे आता महानगरपालिकेत आली. अशा ठिकाणी नागरी आरोग्य केंद्रे असतात.

आता असे समजा. रात्री एक बाई बाळंत झाली. रक्त थांबेना. अशा वेळी एक-दोन तासांतही जीव जाऊ शकतो. घरच्यांनी तिला एका दवाखान्यात नेले. तिथे रक्ताची सोय नाही. दुसरीकडे नेले. तिथे बाळंतपणाचा डॉक्टर नाही. तिसऱ्या दाराशी पोचेतो फार उशीर झाला. दवाखाने तीन होते, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता!

हा पत्ता जुळवून ठेवणे हेही एक काम आहे. कुठे कोणता डॉक्टर, कोणत्या वारी, रक्त कुठे मिळते, गाडी कोणाची, याची यादी करायची. रोग्याबरोबर चिठ्ठी द्यायची. तो घरी परतला की पुढची देखभाल कोणी करायची, तेही ठरवायचे. २००५ सालापासून गावोगाव आशाताई नेमल्या गेल्या. साधारण हजार वस्तीला एक. त्यांच्या कामाची घडी गटप्रवर्तक बसवते. ती आपली सांधेवालीच म्हणायची.

हे काम जामखेडने फार आधी करून दाखवले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी तिथे गेले. आधी त्यांनी नर्सबाई खेड्यात पाठवल्या. ते जमले नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असे ठरले. पुष्कळ जणींना अक्षर येत नव्हते. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात जाऊन शिकवत. जुलाबाच्या पोराला साखर-मिठाचे पाणी त्या देत. अवघड रोगी मात्र वेळेवर दवाखान्यात पाठवत. घर, गाव आणि दवाखाना अशी साखळी जुळली. १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायांनी अक्षर येत नसताना एवढे केले. आपल्याला तर आता वाचता येते. मग एवढे करू या. आशाताईंना विचारून एक कागद लिहू या. उपकेंद्र कुठे? बाळंतपण कुठे? रक्त कुठे? गाडीसाठी १०८ हा आकडा मोठा लिहू या. ती गाडी फुकट येते. कागद दाराच्या आत चिकटवू या. रात्री घाई झाली की शोधाशोध नको.

प्रश्न :
१. सांधेवाला काय काम करी?
२. जामखेडच्या बायांना कोणी निवडले?
३. तुमच्या घरून जवळचे आरोग्य केंद्र कोणते? नाव लिहा.