समुद्राचें आम्लत्व आणि माशांचीं पिलें

समुद्राचें पाणी खारट, हें लहान मूलही सांगेल. पण तें किंचित् अल्कधर्मी, म्हणजे अम्लाच्या उलट गुणाचें असतें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कोळसा व तेल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत सोडतों, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो व त्याचें सौम्य अम्ल बनतें. त्यामुळें यंत्रयुगापूर्वीं ८.२ असलेला पाण्याचा पी-एच. अंक आज ८.१ च्या आसपास उतरला आहे. हा अंक उतरला म्हणजे अम्लता चढते. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु लॉगरिदमचें कोष्टक उघडून पहावें : एका दशांशाची उतरण म्हणजे हायड्रोजन आयनांत शेंकडा २६ ची भर!

आतां माशांकडे वळूं. प्रवाळांत राहणाऱ्या नारिंगी विदूषक माशाचें पिलूं अंड्यांतून निघतांच खुल्या समुद्रांत वाहत जातें, आणि दहाबारा दिवसांनीं वासाच्या आधारें घर शोधतें. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जेम्स कुक विद्यापीठाचे फिलिप मंडे व त्यांचे सहकारी यांनीं अशीं पिलें ७.८ अंकाच्या पाण्यांत वाढविलीं. मग दोन प्रवाह शेजारीं शेजारीं वाहणाऱ्या पन्हळींत त्यांना सोडून, तीं कोणत्या वासाकडे जातात हें पाहिलें. एरवीं जे वास तीं टाळीत, त्यांकडेच तीं ओढलीं गेलीं. २०१० सालीं तर भक्षक माशाच्या वासाकडेही तीं जातात, असें प्रसिद्ध झालें. या शतकाच्या अखेरीस समुद्र तसा होऊं शकेल, हें ऐकून कोणाचें मन चरकणार नाहीं? आम्हीही ती हकीकत वर्गांत निःशंकपणें सांगितली होती.

परंतु २०२० सालीं टिमोथी क्लार्क प्रभृति संशोधकांनीं तीन वर्षें खपून, सहा जातींच्या नऊशेंहून अधिक माशांवर असेच प्रयोग केले. भक्षकाचा वास टाळण्यांत त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. तुमचे मासे निराळे, त्यांचें वयही निराळें, असा आक्षेप पहिल्या पक्षानें घेतला, व तो अगदींच पोकळ नव्हता. पुढें २०२२ सालीं ९१ निबंध एकत्र ताडून पाहण्यांत आले, तेव्हां आरंभींच्या निबंधांतील प्रचंड परिणाम नंतरच्यांत जवळजवळ शून्यावर आलेला दिसला. मोठे परिणाम सांगणारे प्रयोग बहुधा थोड्या माशांवरचे होते. एकदांच वाचन घेऊन वही मिटणारे आमच्या प्रयोगशाळेंतही पुष्कळ आहेत!

मात्र अम्लता निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. चुन्याचें कवच बांधणाऱ्या जीवांची गोष्ट वेगळी. २००७ च्या सुमारास अमेरिकेंतील ओरेगॉन किनाऱ्यावरील एका कालवांच्या उबवणीगृहांत पिलें पटापट मरूं लागलीं. समुद्रांतून घेतलेलें पाणीच अम्लाकडे झुकलें होतें. तेथें आतां त्या पाण्यांत आपल्या ओळखीचा धुण्याचा सोडा मिसळून मग पिलें वाढवितात.