त्याचं नाव त्याला सांगू दे

चि. ओंकार,


तुझा मेसेज रात्री वाचला. वर्गातल्या त्या अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल करून तू व्हिडिओ केलास, तो ग्रुपवर फिरला आणि तेव्हापासून तो मुलगा शाळेत आलेला नाही. ‘मावशी, मी खूप वाईट आहे का गं?’ असं विचारलंयस. हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. त्यात सगळा विचार तुझाच आहे, त्याचा कुठेच नाही.

माझ्याकडे स्पीच थेरपीला अशी मुलं रोज येतात, म्हणून सांगते. शंभरातली साधारण पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळत बोलतात. बहुतेकांचं आपोआप सुटतं, एखाद्याचं मोठेपणीही राहतं. भित्रेपणाने किंवा बुद्धी कमी म्हणून हे होत नाही. बोलण्याची मेंदूतली जुळणीच जरा वेगळी असते, आणि बरेचदा ते घराण्यात चालत आलेलं असतं. शब्द अडला की ही मुलं वाट काढतात. ‘पाणी’ निघेना, तर ‘तहान लागलीय’ म्हणतात. स्वतःच्या नावाला मात्र दुसरा शब्द नसतो. म्हणून नाव सांगताना ती फार अडतात, आणि तू नक्कल केलीस ती नेमकी त्याच वेळची. सकाळी सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना तो बहुधा अडतही नसेल. सगळे एकत्र म्हणत असले की जवळजवळ कुणीच अडखळत नाही. एकट्याने उभं राहून, वर्गाच्या नजरा झेलत बोलणं त्याला किती जड जात असेल, याचा विचार कर.

आता काय करायचं? ग्रुपवर तूच लिही की हे चुकलं, सगळ्यांनी व्हिडिओ काढून टाका. वर्गशिक्षिकांना तुझ्या तोंडून कळू दे. मग त्याला भेट, मित्रांचा घोळका न नेता. काय केलंस ते सरळ सांग. ‘गंमत केली होती’ म्हणू नकोस, आणि ‘माफ केलंस ना?’ असं तर मुळीच विचारू नकोस. तो माफ करणार नाही कदाचित. तो त्याचा हक्क आहे, तुला ते सोसावं लागेल. लगेच दोस्तीही लादू नकोस.

तो बोलू लागला तर अडलेला शब्द तू पुरा करू नकोस, ‘हळू बोल’ही नको. त्याच्याकडे बघत थांब, लागेल तेवढा वेळ.

तुझ्या आईला अजून सांगितलं नसेल, तर आजच सांग. ती रागावेल, ऐकून घे. रविवारी फोन करते.

तुझी,
मावशी