सेक्शन तुझा तूच काप

काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "ताई, बॉटनीचं प्रॅक्टिकल म्हणजे काय, जर्नल उतरवून काढलं की झालं." तेव्हा आजूबाजूला माणसं होती, म्हणून मी गप्प बसले. पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. रागावून लिहीत नाहीये गं. एफ.वाय.ला असताना मीही हेच म्हणायचे आणि पुढे काय झालं ते घरात कुणालाच सांगितलेलं नाही. आज तुला सांगते.

आमच्या बॅचला दोघींत एक मायक्रोस्कोप असायचा. माझ्या पार्टनरचा हात हलका, म्हणून सेक्शन ती घ्यायची. माझी चित्रकला बरी, म्हणून दोघींच्या आकृत्या मी काढायचे, त्याही पुस्तकातून. वर्षभर छान चाललं. जर्नल वेळेत सर्टिफाय झालं, मॅडमनी कौतुकही केलं. परीक्षेत मात्र चिठ्ठीत सूर्यफुलाच्या खोडाचा टी.एस. आला आणि टेबलाशी मी एकटी. दहा-बारा चकत्या कापल्या, सगळ्या जाडजूड. मायक्रोस्कोपखाली नुसता लाल-काळा गोळा. वेळ संपत आली तशी पाठ असलेली आकृती काढून टाकली, अगदी सुबक. एक्स्टर्नल सरांनी आधी आयपीसमध्ये पाहिलं, मग माझ्या आकृतीकडे, आणि शांतपणे म्हणाले, "यातलं कॅम्बियम मला स्लाइडमध्ये दाखव." मी मान खाली घातली. ते पुढच्या टेबलाकडे गेले. मार्क गेल्याचं दुःख चार दिवसांत विरलं, पण "दाखव" म्हटल्यावर दाखवण्यासारखं माझ्यापाशी काहीच नव्हतं, हे फार दिवस बोचत राहिलं.

सुट्टी लागायच्या आत मी लॅबमधल्या काकांना गाठलं. काका काही बॉटनी शिकलेले नव्हते, पण त्यांच्यासारखा सेक्शन आमच्या डिपार्टमेंटात कुणाचा येत नसे. त्यांनी शिकवलं ते जसंच्या तसं सांगते. ब्लेड नवं कोरं हवं, बोथट ब्लेड कापत नाही, पेशी फाडतं. खोडाचा तुकडा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात उभा धरायचा, अंगठा बोटापेक्षा जरा खाली, म्हणजे कापायची भीती नाही. तुकडा आणि ब्लेड दोन्ही ओले. पहिला काप फक्त माथा सपाट करायला, तो टाकून द्यायचा. मग ब्लेड वरून दाबायचं नाही, करवतीसारखं मागेपुढेही नाही. आपल्याकडे ओढायचं, एका दमात. पान किंवा बारीक मूळ असेल तर गाजराच्या तुकड्याला उभी चीर देऊन त्यात बसवायचं आणि गाजरासकट कापायचं. काप ब्रशने वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडत जायचे. वीस-पंचवीस होऊ देत, कंजुषी करू नकोस.

आणि खरी गोम पुढे आहे. मी अख्खी गोल चकती मिळवायच्या नादात होते. काका म्हणाले, "पोरी, भाकरी थापायची नाहीये. पातळ कोर मिळाली तरी पुष्कळ." खरंच आहे ते. तिरका गेलेला काप एका कडेला जाड असतो, पण दुसऱ्या कडेला इतका पातळ होतो की पाण्यात दिसतसुद्धा नाही. तीच कड आपल्या कामाची. तो काप उचल, सॅफ्रानिनमध्ये दोनेक मिनिटं ठेव, जादा रंग पाण्याने धुऊन टाक, ग्लिसरीनच्या थेंबावर ठेव आणि कव्हर स्लिप सुईवर तिरकी टेकवून हळूहळू खाली सोड. धपकन टाकलीस तर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या काठाचं गोल काही दिसलं तर तो बुडबुडा, पेशी नव्हे.

त्या दुपारी मला पहिल्यांदा सूर्यफुलाचं खोड दिसलं. बाहेरच्या कडेला अनेक पेशींचे केस, जे बोटाला खरखरीत लागतात तेच. त्याच्या आत कोपरे जाड झालेल्या पेशी. मग वर्तुळात मांडलेले व्हॅस्क्युलर बंडल्स, प्रत्येकाच्या डोक्यावर जाड भिंतींच्या पेशींची टोपी. झायलम लालभडक, कारण सॅफ्रानिन लिग्निनला घट्ट धरतं. आणि फ्लोएम नि झायलमच्या मध्ये, विटा रचाव्यात तशा चपट्या पेशींच्या दोन-तीन फिकट ओळी. कॅम्बियम. जे दाखव म्हटल्यावर मला दाखवता आलं नव्हतं ते. खोटं सांगत नाही, डोळे भरून आले.

म्हणून सांगते, आकृती काढताना पुस्तक मिटून ठेव. डावा डोळा आयपीसवर, उजवा उघडाच, वहीवर. चार दिवस जड जाईल, मग सवय होते. लो पॉवरखाली नुसता आराखडा, हाय पॉवरखाली एकच फाक नीट. हाय पॉवरवर मोठा स्क्रू फिरवायचा नाही, लेन्स स्लाइडवर आदळते. एच.बी. पेन्सिल, शेडिंग नाही. बंडल वाकडा दिसला तर वाकडाच काढ. मॅडमनी विचारलं तर स्लाइड दाखव. रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप धारदार चाकूने काढून त्यातले कप्पे 1665 साली छापले, तेव्हा त्याच्यापुढे उतरवायला कुणाची आकृती नव्हती.

पुस्तकात नसलेलं कितीतरी स्लाइडवर असतं. कांद्याच्या मुळाचं मायटोसिस घे. (मुळं सकाळी कापायची आणि टोकाचे दोनेक मिलिमीटरच घ्यायचे, विभाजन तिथेच चालतं.) पुस्तकात प्रोफेज ते टेलोफेज एकसारख्या चौकटींत मांडलेले असतात, जणू सगळ्या अवस्था सारखाच वेळ घेतात. तू स्क्वॉश करून बघशील तर बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रक घेऊन बसलेल्या, आणि एखादीच मेटाफेजला. पहिल्यांदा वाटतं, आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. पेशीचा बहुतेक काळ इंटरफेजमध्येच जातो, आणि तू शांतपणे मोजायला बसलीस तर ते तुला तुझ्याच स्लाइडवर सापडतं. कांद्याची सोळा गुणसूत्रं वेगवेगळी मोजता येतील असा स्क्वॉश मात्र एकदम जमत नाही. ब्लॉटिंग पेपरवरून अंगठ्याने सरळ खाली दाब, कव्हर स्लिप बाजूला सरकली की सगळं गुंडाळलं जातं.

जास्वंदीचंही तसंच. मी परसातली डबल जास्वंद घेऊन गेले होते, आणि पाच पाकळ्यांचा फॉर्म्युला काही केल्या जुळेना. डबल फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. अर्धवट पाकळी, तिच्या कडेला परागकोशाचा उरलेला तुकडा, असंही सापडतं. मी ते फूल टाकून देऊन पुस्तकातला फॉर्म्युला लिहिला. तू तसं करू नकोस. आधी साधी पाच पाकळ्यांची उलगड, तिची पुंकेसरांची नळी उभी चीर, बीजांडकोशाचा आडवा काप घेऊन पाच कप्पे मोज. मग डबल घे आणि शेजारी ठेवून बघ.

आणखी एक, आईसारखं. स्पिरिट लॅम्पशी बसताना केस बांध, ओढणी पिन कर. स्क्वॉशची स्लाइड नुसती कोमट करायची, उकळायची नाही.

पार्टनर तुला म्हणेल, "तू आकृत्या काढ, मी कापते." ती चांगल्या मनानेच म्हणेल. तिला सांग, आज तू काप, उद्या मी. पहिले काप वाईट येतील, माझेही आले होते. उद्या कुरिअरने ब्लेडचं एक पाकीट आणि शून्य नंबरचा ब्रश पाठवतेय, गाजरं तिथल्या मंडईत घे. कॅम्बियम दिसलं की फोन कर, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.