परिसर-पाठ : चाकण, एका शेतकरी गावाचा वारसा

(इयत्ता ४ थी व ५ वी. अवधी : दोन तासिका व एक सहल)

उद्देश : आपल्या परिसरातील जुन्या वास्तू, व्यवसाय व बाजार यांकडे विद्यार्थ्यांनी डोळसपणे पाहावे आणि जे दिसेल त्याची नोंद करावी.

प्रस्तावना : तळवडे व आसपासच्या शाळांतील मुलांस ‘चाकण म्हणजे काय ?’ असे विचारले असता बहुधा ‘कारखाने’ असे उत्तर येईल. हे उत्तर चूक नव्हे. परंतु अपुरे आहे. तळवडे हे इंद्रायणीकाठचे शेतकरी गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. ज्यांचे आजोबा नांगर धरीत, अशा कित्येक मुलांचे वडील आज पाळीवर कामास जातात. इंद्रायणी ओलांडून ईशान्येस गेले की चाकण लागते. तेथेही हाच बदल झाला आहे. तथापि जुन्या गावाच्या खुणा तेथे अजून ठळक आहेत. म्हणून हा पाठ चाकणवर योजिला आहे.

विषय-विवेचन :

१. *किल्ला.* चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट, म्हणजे सपाट भूमीवर बांधलेला किल्ला. डोंगराचा आधार नसल्यामुळे त्याचे रक्षण तट, बुरूज व खंदक यांवरच अवलंबून होते. इ. स. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने प्रचंड सैन्यानिशी त्यास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने मूठभर शिबंदीच्या बळावर सुमारे ५५ दिवस किल्ला लढविला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडविला, तेव्हा किल्ला पडला. चौथीच्या पुस्तकातील शिवचरित्र शिकविताना या भूमीचे स्मरण अवश्य द्यावे. आज तटाचा व बुरुजांचा काही भाग आणि खंदकाच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

२. *घाणा आणि लेखणी.* तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे. त्यांचा व्यवसाय तेलाचा घाणा चालविण्याचा होता. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. हाताने कष्ट करणाऱ्या माणसाने केवढा ठेवा राखिला, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. घाणा कसा फिरे, पेंड कशास उपयोगी पडे, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावयास सांगावे.

३. *बाजार.* चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार हा चालता-बोलता वारसा होय. मालाची आवक, लिलाव, तोलाई, हमाली आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी, हा क्रम मुलांनी प्रत्यक्ष पाहावा. गणिताचा पाठही येथेच घेता येईल. उदाहरणार्थ, ५० किलोच्या ४० पिशव्या कांदा क्विंटलला १,२०० रुपये दराने विकला, तर खर्च वजा जाण्यापूर्वी किती रक्कम होईल ? (उत्तर : २४,००० रुपये.) पुढे दर निम्मा झाला असे धरून हेच उदाहरण पुन्हा सोडवावे. खर्च मात्र फारसा घटत नाही, हे लक्षात येताच शेतकऱ्याची चिंता मुलांस आपोआप कळेल.

शिक्षकांस सूचना : दगडी तट पडावयास शेकडो वर्षे लागतात, शेतांची नावे मात्र एका पिढीत नाहीशी होतात. जमीन विकली गेली, वर कारखान्याची भिंत उभी राहिली, की तेथील माळ, मळई, पाणंद, विहीर यांची नावे घेणारे कोणी उरत नाही. ती आज गावातील वृद्धांच्याच मुखी आहेत. म्हणून प्रत्येक शाळेने एक नोंदवही ठेवावी. तीत नाव, जागा, पूर्वीचे पीक व आजचा उपयोग असे चार रकाने असावेत. माहिती सांगणाऱ्या आजी-आजोबांस शाळेत सन्मानाने बोलवावे. सहलीत तटावर चढू देऊ नये, दगडांवर नावे कोरू देऊ नयेत.

स्वाध्याय :

(१) भुईकोट व डोंगरी किल्ला यांतील दोन भेद सांगा.

(२) इंद्रायणी नदी भीमेस कोठे मिळते, ते नकाशात शोधा. वाटेतील गावांची नावे लिहा.

(३) आपल्या घराच्या जागी पूर्वी कोणते पीक निघे ? घरी विचारून पाच ओळी लिहा.

(४) आपल्या गावातील एका जुन्या विहिरीचे वा पारेचे चित्र काढा.