शिरेतील गुठळी आणि रक्ततपासणी

शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीचा एकच पाय अकस्मात सुजला व पोटरी दुखू लागली, तर पाय चोळीत बसू नये. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतते.

गुठळी फायब्रिन नामक तंतूंनी बांधलेली असते. शरीर ती विरघळवू लागले की तंतूंचे तुकडे रक्तात उतरतात. त्यांनाच ‘डी-डायमर’ म्हणतात. वैद्यकीय तपासणीत गुठळीची शक्यता कमी वाटली आणि डी-डायमरही मर्यादेत आढळले, तर गुठळी नसल्याची बहुतांशी खात्री पटते. परंतु प्रमाण वाढले म्हणजे गुठळी आहेच, असे नव्हे. गरोदरपण, जंतुसंसर्ग, कर्करोग, शस्त्रक्रिया व वार्धक्य यांतही ते वाढते. म्हणून सामान्यतः लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम असलेली मर्यादा ७० वर्षांच्या व्यक्तीस ७०० धरता येते.

अंतिम निदान डॉप्लर सोनोग्राफीने होते; लक्षणे ठळक असल्यास तीच प्रथम करावी. धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.