दुहेरी काच आणि ट्रकचा घुमणारा आवाज

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ धाराशिव जिल्ह्यातून जातो. येडशीच्या परिसरात त्याला लागून असलेल्या एका घराला रस्त्याच्या बाजूने नव्या खिडक्या बसल्या आहेत. घर भाचीचं. मामांनी उभी हयात भौतिकशास्त्र शिकवलं.

भाची : मामा, हॉर्न, मोटारसायकली, रस्त्यावरचं बोलणं, सगळं कमी झालं. पण रात्री भरलेला ट्रक चढाला लागला की खोली घुमते. उलट आता तेवढाच आवाज येतो. काच खराब निघाली का?

मामा : काचा किती मिलिमीटरच्या आहेत? मध्ये जागा किती?

भाची : चार-बारा-चार. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात.

मामा : मग काच खराब नाही. ही जोडी मुळात उष्णता अडवण्यासाठी आहे, आणि वरच्या पट्टीचा आवाजही ती बऱ्यापैकी अडवते. तुझा त्रास खालच्या पट्टीचा आहे. ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला तीन स्फोट होतात. मिनिटाला १२०० फेरे धरले, तर सेकंदाला ६० स्फोट. म्हणजे ६० हर्ट्झ. गळीत हंगामातल्या उसाच्या ट्रॅक्टरला तीन सिलिंडर असतील, तर २००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ येतात.

भाची : पण एवढा जाड आवाज काचेतून जातोच कसा?

मामा : जाड आहे म्हणूनच जातो. पडदा जितका जड आणि आवाज जितका बारीक, तितका तो अडतो. वजन दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात. कंपनसंख्या दुप्पट झाली तरी तेवढेच. आता ६० हर्ट्झपासून ४८० हर्ट्झपर्यंत तीनदा दुप्पट होते. म्हणजे तीच काच इंजिनाच्या घुमण्यापेक्षा हॉर्नला १८ डेसिबलने जास्त अडवते. तुझी नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला चारशे किलोच्या वर आहे, आणि ४ मिलिमीटरची काच फक्त १० किलो. आवाज कुठून आत येत असेल ते तूच सांग.

भाची : पण काचा दोन आहेत ना? दोनदा अडायला हवा.

मामा : दोन्ही सुट्या असत्या तर अडला असता. मधली हवा त्यांना बांधून ठेवते. दोन वजनांमध्ये स्प्रिंग लावली तर ती एका ठरावीक वेगाने आपोआप झुलतात, तसं इथे होतं. जागा जितकी अरुंद, तितकी ही स्प्रिंग कडक. चार-बारा-चारसाठी हिशेब केला तर हे झुलणं सुमारे २४५ हर्ट्झला येतं. त्या आसपास ही जोडी एकाच ८ मिलिमीटरच्या काचेपेक्षाही कमी अडवते. त्याच्या खाली दोन्ही काचा एकत्रच हलतात. तुझ्या ट्रकच्या दृष्टीने दुसरी काच म्हणजे नुसतं थोडं वाढलेलं वजन, बाकी काही नाही.

भाची : मध्ये वेगळा वायू भरून मिळतो म्हणे.

मामा : आर्गॉनने उष्णता थोडी अडते, आवाजात फारसा फरक पडत नाही. युरोपात पूर्वी सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा जड वायू भरत. मधला आवाज कमी व्हायचा आणि खालचा वाढायचा. हवामानाला घातक म्हणून तिथे खिडक्यांत त्याच्यावर बंदी आली. तुझ्या कामाचा तो कधीच नव्हता.

भाची : माहितीपत्रकात तर तीस डेसिबलच्या वर लिहिलंय.

मामा : तो आकडा आरडब्ल्यू नावाचा असणार. तो १०० ते ३१५० हर्ट्झमधल्या मोजमापांवरून काढतात. तुझा ट्रक त्या परीक्षेला बसलेलाच नाही! आकड्यापुढे कंसात दोन उणे आकडे असतील. दुसरा सीटीआर, तो वाहनांच्या आवाजासाठी. तो मिळवून जे उरेल ते बघ. ५० हर्ट्झपासून मोजलेला सीटीआर कुणी दिला तर फारच उत्तम. नुसत्या पहिल्या आकड्यावर कुणी रस्त्याकडेची खिडकी विकत असेल, तर त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

भाची : मी मोबाइलवर मोजलं. घुमत असतानाही आकडा काही फार दिसेना. मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ.

मामा : तुला भास झाला नाही. बहुतेक ॲप डेसिबल-ए मोजतात. माणसाच्या कानाला खालचा आवाज कमी ऐकू येतो म्हणून ६३ हर्ट्झवर ते २६ डेसिबल वजा करतात. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही याच मापात बोलतात : निवासी भागात दिवसा ५५, रात्री दहा ते सहा ४५. मिरवणुकीतल्या बेसचा मारा या मापात त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा लहानच दिसतो. तावदानं थरथरतात आणि कागदावर आकडा मात्र बेताचा. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला हे कळतं. नियमात त्याची दखल यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

भाची : मग आता काय करू? या खिडक्या काढून टाकू?

मामा : काढू नको. नऊ इंची भिंतीत खिडकी बाहेरच्या कडेला बसली असेल, तर आत पाच-सहा इंच मोकळे आहेत. तिथे आतल्या कडेला दुसरी, स्वतंत्र चौकटीची खिडकी लाव. काच लॅमिनेटेड घे, पाच अधिक पाच. तिच्या मधल्या थरामुळे काचेचं स्वतःचं थरथरणंही दबतं. दोन खिडक्यांत १५० मिलिमीटर अंतर मिळालं, तर नवं झुलणं २४५ वरून ४६ हर्ट्झच्या जवळपास येतं.

भाची : म्हणजे ट्रक बंद?

मामा : नाही. झुलण्याच्या सुमारे दीडपट वर गेल्यावरच खरा फायदा मिळायला लागतो, म्हणजे पासष्टच्या पुढे. ६० हर्ट्झचा मूळ ठोका थोडा राहीलच. पण इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत नसतो. १२०, १८० असे त्याचे पटही येतात आणि टायरची गरगर असते. ते चांगलं दबेल. आतली खिडकी मात्र स्लायडिंग नको. ट्रॅकमधल्या ब्रशने फट बुजत नाही. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तरी बारीक आवाजासाठी सगळी खिडकी २० डेसिबलवर येऊन थांबते. उघडणारी झडप घे, चारही बाजूंनी रबर दाबून बसणारी. चौकट आणि भिंत यांच्यातही पोकळी न ठेवता भरून घे.

भाची : खोलीत भिंतीला फोम लावू का? एक इंची मिळतो.

मामा : पैसे वाया जातील. ५७ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, एक इंचाचा फोम तिला काय करणार? पण खोलीवरून आठवलं, तुझी खोली दहा बाय दहा ना? स्लॅबही दहा फुटांवर?

भाची : हो.

मामा : मग इथेच निम्मा त्रास आहे. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी लाट बरोबर बसते, ती ५७ हर्ट्झच्या आसपासची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असल्याने तिन्ही दिशांनी तीच पट्टी घुमते, आणि ट्रकचा ठोका नेमका तिथेच येतो. अशा वेळी दाब भिंतीलगत आणि कोपऱ्यात सर्वात जास्त, मधोमध सर्वात कमी. तुझा पलंग कुठे आहे?

भाची : कोपऱ्यात, खिडकीखाली.

मामा : आज रात्रीच तो मधोमध ओढ. फुकटचा उपाय आहे. शक्य असेल तर झोपायची खोलीच मागच्या बाजूला ने आणि रस्त्याकडे जिना, न्हाणीघर, सामानाची खोली येऊ दे. नवीन घर बांधणाऱ्याने तर हे आधी करावं, खिडकीचा विचार नंतर.

भाची : सहा फुटी कंपाउंड उंच केलं तर?

मामा : एवढी लांब लाट सहा-आठ फुटांच्या भिंतीवरून सहज वळून येते. हॉर्नला उपयोग होईल, इंजिनाला फार नाही.

भाची : एक अडचण आहे, मामा. उन्हाळ्यात कुलर त्याच खिडकीत असतो.

मामा : मग लॅमिनेटेड काचेचे पैसे चैत्र-वैशाखात वायाच. कुलरला बाहेरची हवा ओढायला एक खिडकी उघडी लागते आणि आतली हवा जायला दुसरी. कुलर मागच्या अंगणाच्या खिडकीत हलव, हवा तिकडूनच बाहेर जाऊ दे आणि रस्त्याकडची जोडी बंद राहू दे. ते जमणार नसेल तर आतली खिडकी करूच नको, आधी पलंग हलवून बघ.

भाची : कुलर मागे नेता येईल. मग आतली खिडकी सांगू का उद्या?

मामा : आधी भिंतीत खरोखर किती जागा आहे ते टेपने मोज. १०० मिलिमीटरच मिळणार असतील तर झुलणं ५७ च्या जवळ येतं, नेमकं ट्रकच्या आणि खोलीच्या घुमण्यावर. तेव्हा काच आणखी जड घ्यावी लागेल आणि बिजागऱ्याही तशा. माप आल्यावर फोन कर, हिशेब करून सांगतो.