मधूनच येणारे 'मिसिंग' कसे पकडावे?

गॅरेजचा धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंना सर्वांत जास्त छळतो तो कायमचा दोष नव्हे, मधूनच येणारा दोष. इंजिन ठप्प बंद असेल तर कारण तासाभरात सापडते. परंतु गिऱ्हाईक म्हणते, "घाटात गाडी झटके देते," आणि आपल्या दारात तीच गाडी शिलाई मशीनसारखी चालते. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलणे सुरू होते. बिल वाढते, दोष तसाच राहतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जाते.

त्यातून गाडी स्पोर्ट्स कार असेल तर अनेक मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच नकार देतात. ही भीती अनाठायी आहे. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ मध्ये आणलेल्या 'सॅन स्टॉर्म'मध्ये रेनॉचे ११४९ सीसीचे साधे चार सिलिंडरचे इंजिन होते. पुण्याकडच्या 'डीसी अवंती'तही रेनॉचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. बॉडी निराळी, आत प्लग, कॉइल आणि इंजेक्टर आपल्या ओळखीचेच. अशा गाड्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून अंदाजाचे काम येथे अधिक महागात पडते, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यात नगरच्या एका कारागीर बंधूंकडे अशीच एक दोन सीटची गाडी आली. त्या वेळी आम्ही तेथे होतो. मालक भंडारदऱ्याहून परतले होते. पावसात चढावर गाडी मिसिंग मारत होती, इंजिनचा दिवा लागत होता आणि उन्हात सारे ठीक होते. आधी दुसरीकडे चारही प्लग आणि पेट्रोल पंप बदलून झाला होता. चार दिवस बरे वाटले, पुन्हा तेच.

उस्तादांनी पाना हाती घेतला नाही. आधी विचारपूस केली. थंड इंजिनवर होते की तापल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? ओल्या हवेत की कोरड्या? निम्मे निदान येथेच होते, असा आमचा अनुभव आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लगच्या टोकाशी उडी मारणे जड झाले की वीज दुसरी सोपी वाट शोधते. रबराला किंवा चिनी मातीला बारीक चीर असेल, तर ती तेथूनच हेडमध्ये उतरते. ओलावा या चोरीला मदतच करतो. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. त्यातील काही चुकल्या तरी झटका बसतो.

स्कॅनरने पी ०३०३ हा कोड दाखवला, म्हणजे तिसरा सिलिंडर. पंप कमजोर असता तर चारही सिलिंडर कमी-अधिक उपाशी राहिले असते. तेव्हा पंपाचा खर्च फुकट गेला, हे कोड वाचताच कळले.

यापुढची युक्ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. इग्निशन बंद करून उस्तादांनी तिसऱ्याची कॉइल, तिच्या रबरी बुटासह, दुसऱ्यावर लावली आणि तिसऱ्याचा प्लग पहिल्यात बसवला. त्यांच्या जागचे भाग तिसऱ्याला दिले. कोड पुसला. आता दोष दुसऱ्यावर गेला तर कॉइल किंवा बूट, पहिल्यावर गेला तर प्लग. तिसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. एक पैशाचा पार्ट न घेता तीन शंका वेगळ्या झाल्या.

गाडी पाथर्डी रस्त्याने करंजी घाटात नेली. ऊन होते. एकही झटका नाही! येथेच बहुतेक जण "गाडी ठीक आहे" म्हणून चावी परत देतात. उस्तादांनी परत येऊन फवारणीच्या बाटलीने कॉइलच्या भागात पाण्याचा अगदी बारीक धुरळा मारला, कॉम्प्युटरच्या डब्यापासून दूर, आणि रेस दिली. इंजिन लगेच अडखळले. कोड पी ०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला होता.

बूट उलटून पाहिला तर आत शिसपेन्सिलीने ओढावी तशी कार्बनची रेघ. नव्या प्लगच्या चिनी मातीवरही तिची सुरुवात झालेली. प्लग बदलल्यावर चार दिवस आराम का पडला, त्याचा उलगडा झाला. तिसऱ्या प्लगच्या खोबणीत ऑइलही होते. टॅपेट कव्हरचे गॅस्केट गळत होते आणि ऑइलने रबर नरम झाले होते. बूट, तो प्लग आणि गॅस्केट बदलले. नुसता बूट बदलला असता तर गाडी पुन्हा आली असती.

दोष जागचा हलला नाही तर इंजेक्टर अदलाबदल करावा, वायरिंग चालू इंजिनवर हलवून पाहावे, मग कॉम्प्रेशन घ्यावे: इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, पेट्रोल व इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मिसिंग फक्त आयडलिंगला असेल आणि रेसवर जात असेल, तर बाहेरून हवा ओढली जाते का ते पाहावे. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाड्यांत अंधारात बॉनेट उघडावे, गळणारी ठिणगी डोळ्यांनी दिसते.

चालू इंजिनवर प्लगची वायर उपटण्याची जुनी सवय मात्र सोडावी. झटका जबर बसतो आणि कॉइल वा कॉम्प्युटर जळू शकतो. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी जोरात पळवू नये, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळते, आणि त्याची किंमत साऱ्या दुरुस्तीहून जास्त असते.

उस्तादांनी बिलात पार्टची किंमत वेगळी आणि निदानाची मजुरी वेगळी लिहिली. काढलेला बूट कागदात गुंडाळून मालकांच्या हाती दिला. मालकांनी रेघ पाहिली आणि घासाघीस न करता पैसे मोजले.